तुमचा टेड कोण?

मेलबर्न,
ऑगस्टअखेर

तीर्थस्वरूप आप्पा व आईंस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. थंडी अजून हटायला तयार नाही. तुमचे चिरंजीव घरातही कानटोपी घालून बसतात आणि हीटरचं बिल आलं की तिच्यावरून मफलर गुंडाळतात. मुलं शाळेत रमली आहेत. आईंनी दिलेलं येसर संपलं. शेंगदाण्याची चटणी मात्र संपलेली नाही, संपवण्यात आली आहे. चौकशी चालू आहे आणि संशयित तुमच्याच घराण्यातला आहे.

फोन रोज होतो, मग पत्र कशाला, असं आई विचारतील. कारण एकच, फोनवर आप्पा बोलतात आणि आम्ही ऐकतो. या वेळी मला बोलायचंय, आणि आप्पांकडून एक काम लेखी करून घ्यायचंय.

आम्ही राहतो तो शहराचा पश्चिमेकडचा भाग. पूर्वी इथे कारखाने, दगडखाणी, कत्तलखाने होते. सगळी कष्टकऱ्यांची वस्ती. आता आपली माणसं एवढी आली आहेत की फुटस्क्रेच्या बाजारात ज्वारीच्या पिठासाठीही फार हिंडावं लागत नाही. फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे कुणाशी दुसऱ्या विषयावर बोलायची सोय राहत नाही. फुटबॉल!

हा आप्पा टीव्हीवर बघतात तो फुटबॉल नव्हे. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एकेका बाजूला अठरा गडी. चेंडू लाथेनं मारायचा, हातात घेऊन पळायचा, पळता पळता मधूनच जमिनीवर आपटायचा. दुसऱ्याला द्यायचा तर मुठीनं ठोसून द्यायचा, फेकला की गुन्हा. पण समोरच्याच्या पाठीवर गुडघा रोवून उंच उडालात आणि चेंडू झेललात, तर तो गुन्हा नाही. त्याला अख्खं मैदान उभं राहून टाळ्या देतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथेनं मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की सहा गुण, नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक. चुकल्याबद्दलही गुण मिळतात म्हटल्यावर तुमच्या चिरंजीवांना हा खेळ ताबडतोब पटला.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये आणखी दोन म्हातारे जमतात. गाडी बाहेर थंडीत उभी आणि आत तीन खुर्च्या, एक किटली आणि भिंतीवर लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचे मफलर. विषय ठरलेला असतो : टेड व्हिटन. जन्म 1933 चा, इथल्याच फुटस्क्रेतला. खेळला तोही फुटस्क्रेकडूनच, 1951 ते 1970, सगळे मिळून 321 सामने. चोविशी गाठायच्या आत संघाचा कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही झाला. लोक त्याला ‘मिस्टर फुटबॉल’ म्हणायचे. इथल्या मैदानाला त्याचं नाव आहे, बाहेर पुतळा आहे, आणि मॅरिबिर्नाँग नदीवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या पुलालाही त्याचंच नाव आहे.

मी पहिल्यांदा त्या गॅरेजात गेले ती भज्यांची ताटली द्यायला. ताटली परत घ्यायला थांबले आणि अडकले. चर्चा टेडच्या पहिल्या सामन्याची होती. रिचमंडविरुद्धच्या त्या सामन्यात त्यानं पहिल्याच लाथेवर गोल केला, इथपर्यंत तिघांचं एकमत. थोड्याच वेळात रिचमंडच्या मोप्सी फ्रेझरनं त्याला असा तडाखा दिला की गडी बेशुद्ध, इथंही एकमत. वाद फक्त एवढाच की गोल मारला तो किती लांबून. आजोबा म्हणाले चाळीस यार्ड. दुसरे म्हणाले पन्नासाच्या खाली बोलायचंच नाही. तिसऱ्यांचं ऐकलं तर तो चेंडू अजून खाली आलेला नाही.

मग 1954 ची अंतिम लढत. फुटस्क्रेनं मेलबर्न संघाला 102 विरुद्ध 51 असं लोळवलं आणि क्लबला पहिलं विजेतेपद मिळालं. त्या दिवशी मैदानावर 80,897 प्रेक्षक होते, अशी नोंद आहे. या भागातले जे जे म्हातारे मला ‘मी होतो तिथे’ म्हणाले, त्यांचा हिशेब धरला तर ही नोंद बरीच तोकडी वाटते. नवरात्रात तुळजापूरहून परतलेला प्रत्येक जण जसा ‘अगदी समोरून दर्शन झालं’ सांगतो, तसं हे. आणि गंमत म्हणजे टेडच्या वीस वर्षांत विजेतेपद तेवढं एकच. 1961 मध्ये त्याच्याच कर्णधारपदाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि हॉथॉर्नकडून हरला. बाकी हंगाम कोरडेच. आजोबांना म्हटलं, एवढ्यावर एवढं प्रेम? ते म्हणाले, जिंकणाऱ्यावर कुणीही प्रेम करतं, त्यात काय कष्ट आहेत?

टेडच्या क्लृप्त्यांबद्दल बोलताना तर तिघांची वयं निम्म्यावर येतात. मुठीनं ठोसण्याऐवजी उघड्या पंजानं चेंडू झटकन सरकवण्याची एक तऱ्हा त्यानं गाजवली. पुढे नियमकर्त्यांनी ती बंदच करून टाकली. हे सांगताना आजोबांच्या चेहऱ्यावर असा अभिमान असतो, जणू बंदी नव्हे, पदवीच मिळाली.

एका आठवणीत मात्र तिघंही काही वाढवत नाहीत. 1995 चा जून. टेडला कर्करोगानं ग्रासलं होतं, दृष्टी गेली होती. मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांचा सामना होता. त्याआधी उघड्या गाडीतून त्याला मैदानाला फेरी मारायला नेलं, शेजारी मुलगा बसला होता. लोक उभे होते, तो हात हलवत होता, समोर कोण आहे ते दिसत नसताना. दोनच महिन्यांनी, ऑगस्टात, तो गेला. गाडी तुमच्यापासून किती जवळून गेली, असं मी मुद्दाम विचारलं. वाटलं, आता म्हणतील हात लावला होता. आजोबा म्हणाले, ‘‘लांबून. मी पार वरच्या मजल्यावर होतो.’’

आप्पा, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही माणसं थापा मारत नाहीत. गोलाचं अंतर वाढवतात ते आनंदात. त्या फेरीचं अंतर जसंच्या तसं ठेवतात, कारण तिथे भर घालायला जागाच नाही.

आणि या आठवणी नुसत्या गॅरेजात बसून राहिलेल्या नाहीत. 1989 मध्ये पैशांअभावी हा क्लब दुसऱ्या क्लबात विलीन करायचं जवळजवळ ठरलं होतं. इथले लोक डबे घेऊन दारोदार फिरले, पैसे जमवले आणि क्लब वाचवला. आमचे आजोबाही फिरले होते. त्यांच्या म्हणण्यानुसार सगळ्यात जड डबा त्यांचाच होता. पुढे क्लबचं नाव वेस्टर्न बुलडॉग्ज झालं आणि 2016 मध्ये, तब्बल 62 वर्षांनी, सिडनी स्वान्सला हरवून त्यांनी दुसरं विजेतेपद मिळवलं. जखमी असल्यामुळे कर्णधार बॉब मर्फीला तो सामना खेळता आला नव्हता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजनं व्यासपीठावर बोलावून स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. हे सांगताना तीन म्हाताऱ्यांना एकदमच चहा गरम लागतो आणि तिघांचेही डोळे पुसले जातात.

आता मुद्द्यावर येते. मागच्या शनिवारी आजोबांनी तुमच्या चिरंजीवांना विचारलं, ‘‘तुमच्या गावचा टेड कोण?’’ चिरंजीव छाती काढून म्हणाले, ‘‘सचिन तेंडुलकर!’’ आजोबा म्हणाले, ‘‘तो सगळ्या जगाचा. तुमच्या गल्लीतला कोण?’’ चिरंजीव थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, आमच्याकडे नळदुर्गचा किल्ला आहे. आजोबांनी विचारलं, तो कुठल्या जागी खेळायचा?

शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, आमच्या धाराशिवची सारिका काळे. खो-खो. 2016 मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा कर्णधार ती होती. त्याच वर्षी तुमचे बुलडॉग्ज जिंकले, फक्त आमच्या पोरींनी तुमच्या आधी जिंकलं. घरची परिस्थिती अशी की दिवसातून एकदाच जेवण, हे तिनंच सांगितलेलं. चंद्रजित जाधव सरांच्या हाताखाली ती घडली, आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार मिळाला तो 22 वर्षांनी. तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. तिच्यावरच थांबले नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती, हेही सांगून टाकलं. तिथे ऑस्ट्रेलियाचाही संघ उतरला होता, हे ऐकून आजोबा खुर्चीत ताठ बसले. चषक कुणी नेला ते कळल्यावर पुन्हा सैल झाले.

मग त्यांनी विचारलं, ‘‘तू तिला खेळताना पाहिलंस?’’ मी म्हटलं, मी नाही, पण माझ्या सासऱ्यांनी पाहिलंय. आजोबा पुढे सरकले. ‘‘किती लांबून?’’

तर आप्पा, काम ते हेच. पण आधी दोन शब्द बोलते, रागवू नका. सारिका किती वेळ पळत राहिली, हे तुम्ही आम्हाला फोनवर कैकदा सांगितलंय. सुरुवातीला ती तीन मिनिटं पळाली होती. दिवाळीला साडेपाच झाली. परवा नातीला सांगताना तुम्ही तिला अकरा मिनिटं पळवलीत. आप्पा, मोठ्यांच्या सामन्यात तेव्हा पाळीच नऊ मिनिटांची असायची. कळंबच्या शाळेत मीही खो-खो खेळलेय, एवढं मला कळतं. नातीनं मात्र ते अकराच लिहून घेतलंय, आणि उद्या ती वर्गात सांगणार आहे.

तिनं इथल्या बागेत खो-खोचा संघही काढलाय. खांब म्हणून दोन झाडं. आठ पोरं रांगेत, एकाआड एक तोंड फिरवून बसवली. खरं तर अडचण बसवण्याचीच. इथली पोरं पळायला तयार, सूर मारायला तर फारच तयार, पण उकिडवं बसायचं म्हटलं की अर्ध्या मिनिटात मागे कलंडतात. पंच म्हणून आजोबा. गडी बाद झाला की ते दोन्ही तर्जन्या पुढे करतात, त्यांच्या खेळात गोलाचा इशारा करतात तशा. परवा एकीचा हात पळणाऱ्याला निसटता चुकला, तर आजोबांनी एकच बोट वर केलं. म्हणाले, जवळून गेला, एक गुण द्यायला हवा. मी कडाडून विरोध केला. तुमचे चिरंजीव त्यांच्या बाजूनं बोलले. त्या रात्री घरात खिचडीच झाली.

तेव्हा आप्पा, सारिकाचं जे जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, ते एका कागदावर लिहून पाठवा. कुठलं मैदान, कुणाविरुद्ध सामना, ती खांबाला वळसा घालून कशी निसटली, हुलकावणी देताना आधी कुठल्या खांद्यानं फसवायची, तुमच्या शेजारी कोण उभं होतं, सगळं. मी ते आजोबांना इंग्रजीत वाचून दाखवीन आणि बदल्यात ते टेडचं सांगतील ते तुम्हाला मराठीत लिहून पाठवीन. इथे एका पुलाला, एका मैदानाला टेडचं नाव दिलंय ते सरकारनं आणि क्लबानं, पण तो पोरांना माहीत आहे तो या गॅरेजातल्या तिघांमुळे. धाराशिवात तुम्ही आणि तुमचे कट्ट्यावरचे दोस्त लिहिणार नाही, तर आमच्या पोरीला सारिका काळे म्हणजे फोनवरची अकरा मिनिटं एवढीच कळेल. जिंकलेल्या सामन्यात थोडी भर घातलीत तर चालेल, पण पाळीच्या वेळेबाहेर जाऊ नका.

कागदाखाली आईंची सही हवी. ‘वरील मजकूर मी ऐकला असून तो बराचसा खरा आहे’ एवढंच लिहायचं.

ज्येष्ठांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. वहिनींना म्हणावं, फोटो मिळाले, साडी सुरेख.

तुमची सून

ता. क. येणाऱ्या माणसाबरोबर कुंथलगिरीचा पेढा पाठवू नका, विमानतळावर दुधाचं काही आत सोडत नाहीत. शेंगदाण्याची चटणी पाठवा, आणि डब्यावर माझं नाव घाला.