चिरंजीव भीम यांस, मुक्काम ढोलकपूर

चि. भीम (राजा इंद्रवर्मा यांचे राज्य, ढोलकपूर) यांस हैदराबाद शहरातील समस्त पालकवर्गाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

चिरंजीवांचे वास्तव्य ढोलकपुरात असले तरी त्यांचे जन्मगाव हैदराबाद होय, हे आरंभीच नमूद करणे इष्ट ठरेल. राजीव चिलका यांनी २००१ साली या शहरात स्थापन केलेल्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेत ‘छोटा भीम’ हा व्यंगचित्रनायक घडला आणि २००८ पासून पोगो वाहिनीवरून तो घरोघरी पोहोचला. काचीगुडा आणि सुलतान बाजारच्या जुन्या वस्त्यांपासून कुकटपल्लीच्या नव्या इमारतींपर्यंत पसरलेल्या मराठी कुटुंबांनाही त्यामुळे चिरंजीव गाववालेच वाटतात. प्रस्तुत पत्राचा हेतू एवढाच आहे की, मुलांचे जे पालकत्व चिरंजीवांकडे आजवर केवळ वहिवाटीने, म्हणजे कोणताही कागद नसताना निव्वळ दीर्घ ताब्यामुळे, चालत आले आहे, ते यापुढे रीतसर त्यांच्या नावे करून द्यावे.

वहिवाटीचा पुरावा कोणत्याही घरी सायंकाळी सातच्या सुमारास पाहावयास मिळतो. मुलासमोर वरणभाताचे ताट असते, आजीच्या हातात घास असतो आणि मुलाची नजर पडद्यावर खिळलेली असते. मालिकेतल्या टुनटुन मावशीचा ताकद देणारा लाडू चिरंजीवांच्या तोंडात गेला की मुलाचेही तोंड आपोआप उघडते, तेवढ्यात घास आत सारला जातो, आणि जाहिरात लागली की तेच तोंड घट्ट मिटते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि जिन्यात तेलुगू बोलणारे हे मूल ताटावर मात्र चिरंजीवांची हिंदी बोलते, यावरून त्याचे पालनपोषण कोणाकडे आहे या वादाचा निकाल भाषेनेच लावून टाकलेला आहे.

असे असूनही पालकवर्गाची चिरंजीवांविरुद्ध तक्रार आहे. मुले ठोसे लगावतात, पोळीऐवजी लाडू मागतात, सबब शासनाने कात्री चालवावी, असा तिचा आशय आहे. येथे ‘सेन्सॉर’ या सैलपणे वापरल्या जाणाऱ्या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ तो पाहते, यास पूर्वपरीक्षण म्हणतात. दूरचित्रवाणीच्या मालिकांना असे पूर्वपरीक्षण नसून १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा आणि त्याच्या नियमांतील ‘कार्यक्रम संहिता’, म्हणजे काय दाखवू नये याची यादी, एवढाच अंकुश असतो, आणि तोही बहुधा कार्यक्रम दिसून गेल्यानंतर कोणी तक्रार केली तर लागतो. मुलांसाठी योग्य नसलेले कार्यक्रम सर्वाधिक मुले पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत, असे ही संहिता सांगते. मुलांची ही गर्दीची वेळ वडीलधाऱ्यांच्या मालिकांची आणि वृत्तचर्चांचीही असते. चौकटींत बसवलेली आठ माणसे एकमेकांवर ओरडत असताना मूल आजोबांच्या मांडीवर बसून हे सारे टक लावून पाहते, परंतु त्याबद्दल तक्रार होत नाही, कारण त्या बातम्या असतात आणि ठोसा फक्त व्यंगचित्रातलाच लागतो.

वाहिन्यांनी २०११ साली ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल ही स्वनियमनाची व्यवस्था उभी केली. स्वनियमन म्हणजे ज्यांचे वागणे तपासावयाचे त्यांनीच तपासनीस नेमणे. येथे पहिले अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्यासारखी अधिकारी व्यक्ती लाभली, हे त्या व्यवस्थेचे भाग्य. तिच्या नियमांनुसार प्रौढांसाठीचा मजकूर रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेतच दाखवावयाचा असतो. अकरा वाजता मूल झोपलेले असते, हे या नियमाचे गृहीतक आहे. त्याला झोपवण्यासाठी मात्र कोणाही अधिकाऱ्याची नेमणूक झालेली नाही, ही त्यातील गंभीर त्रुटी होय.

याहून मोठी त्रुटी ‘यूए’ या दोन अक्षरांत दडलेली आहे. या प्रमाणपत्राचा अर्थ मुलांनी चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा असून, २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले. २०२१ च्या नियमांनी तर इंटरनेटवरील मालिकांसाठीही अशीच वर्गवारी आणून तेरा वर्षांवरील मजकुराला ‘पालक-कुलूप’, म्हणजे संकेतांकाशिवाय न उघडणारी सोय, सक्तीची केली. तात्पर्य, शासनाने जबाबदारी उचलावी म्हणून जो कायदा करावा तो फिरून पालकांच्याच दारी येतो. पॉपाय नावाचा खलाशी पालक खाऊन बलवान होत असे. भारतीय कायद्यालाही बळासाठी पालकच लागतो, मात्र भाजी आणि माणूस यांपैकी कोणता पालक अभिप्रेत आहे याचा खुलासा नसल्यामुळे, बाजारात जुडीने मिळणारा तेवढा घरी आणला जातो.

न्यायालयांकडूनही अपेक्षित साहाय्य मिळालेले नाही. मुंबईच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेले चित्रपट केबलवर दाखवण्यास प्रतिबंध केला, आणि २००६ साली काही चित्रपट वाहिन्या मुंबईत काही काळ दिसेनाशाही झाल्या; तथापि, मुलाच्या शेजारी कोणी बसावे याविषयी तो आदेश काही सांगत नाही. १९८८ साली गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ मालिकेवर बंदी मागण्यात आली, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी ती संपूर्ण मालिका पाहिली आणि मग ती दाखवण्यास मोकळीक दिली. तक्रारीतली वस्तू तक्रारीचा निकाल देण्यापूर्वी शेवटपर्यंत पाहावी, हा पायंडा पालकवर्गास अत्यंत गैरसोयीचा आहे. छोटा भीमचा एकही भाग अथपासून इतिपर्यंत न पाहता त्याच्याविषयी ठाम मत बाळगण्याची परंपरा या पायंड्याने धोक्यात येते.

पाहिले की काय दिसते, याचे उदाहरण २०२० साली मिळाले. चिरंजीवांनी मैत्रीण चुटकीला डावलून राजकुमारी इंदुमतीशी विवाह केला, अशी वार्ता पसरली, समाजमाध्यमांवर प्रौढांनी चुटकीसाठी न्याय मागितला, आणि ही सारी पात्रे अजून लहान मुलेच आहेत, असा खुलासा निर्मात्या संस्थेस करावा लागला. मुले मोठ्यांचे पाहू नये ते पाहतात, या तक्रारीच्या जोडीने मोठी माणसे मुलांच्या मालिकेत काय पाहतात, याचीही नोंद संहितेत व्हावी. वाहिनी बंद करण्याचा खटका दुसऱ्याच्या हाती दिल्यास काय होते, तेही तेलंगणाने राज्यस्थापनेच्याच महिन्यात, जून २०१४ मध्ये, अनुभवले. आमदारांचा अवमान झाल्याच्या कारणावरून केबलचालकांनी टीव्ही९ आणि एबीएन आंध्रज्योती या वाहिन्या बंद केल्या. त्या काळ्या पडद्यामागे मुलांच्या हिताचा विषय नव्हता. खटका ज्याच्या हाती गेला त्याने तो स्वतःच्या कारणासाठी वापरला.

वास्तविक, मुलाने पडद्यासमोर एकटे नसण्याची व्यवस्था पूर्वी होऊन गेली आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा जो ‘साइट’ नावाचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत झाला, त्यासाठी कार्यक्रम तयार करण्याचे एक केंद्र हैदराबादेतच होते. त्या गावांत संच घरोघरी नसून साऱ्या गावात मिळून एक असे. सकाळी त्यावर शाळकरी मुलांचे कार्यक्रम लागत आणि सायंकाळी मोठ्यांचे. तो संच शासनाचा होता आणि कार्यक्रमही शासनाचेच होते, त्यामुळे त्या व्यवस्थेला मोकळेपणाचा नमुना म्हणता येणार नाही. परंतु एखादे चित्र कळले नाही तर ‘हे काय आहे?’ असे विचारण्यासाठी मुलाच्या हाताशी कोणीतरी बसलेले असे.

पालकत्व चिरंजीवांच्या नावे करण्यात अडचण उरते ती नेमकी हीच. अक्राळविक्राळ राक्षसांना लोळवणारे चिरंजीव, ‘लाडू खाल्ल्यावर खरेच ताकद येते का?’ या प्रश्नाला पडद्यातून उत्तर देऊ शकत नाहीत, आणि मूल मात्र तो प्रश्न घास तोंडात असतानाच विचारते. तेवढ्यापुरते कोणीतरी शेजारी बसण्याची तजवीज झाली की उर्वरित कागदपत्रे धाडण्यात येतील. कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. : हा मसुदा पूर्ण होताच घरातील टीव्हीला पालक-कुलूप लावण्याचे ठरले होते, परंतु चार आकडी संकेतांक कोणाही वडीलधाऱ्यास न आठवल्यामुळे तो मुलांना विचारून घेण्यात आला.