बारसं सात वर्षांचं

चंदीगड विमानतळाची नवी इमारत सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाली आणि बारसं झालं सप्टेंबर २०२२ मध्ये. घर सामायिक, पंजाब आणि हरियाणाचा वाटा प्रत्येकी २४.५ टक्के, उरलेले ५१ टक्के केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे दिल्लीच्या आत्याबाईंचे. भगतसिंगांचं नाव दोन्ही घरांना प्रिय, पण पंजाबला त्याच्याशेजारी ‘मोहाली’ हवं होतं, हरियाणाला ‘चंदीगड’. मध्येच हरियाणा सरकारला आपल्या पक्षाचे जुने नेते मंगल सेन आठवले. अखेर २५ सप्टेंबरला आत्याबाईंनी थेट ‘मन की बात’मधून कुर्रर्र केलं आणि तीन दिवसांनी, भगतसिंगांच्या जयंतीला, पाटी लागली. यातून एवढंच सिद्ध होतं की थोरांच्या नावानं बारसं झालं की मान थोरांना मिळतोच असं नाही, पण ज्याचा हट्ट चालला त्याला मात्र हमखास मिळतो.

घरोघरच्या पाळण्यापाशी वेगळं काही घडत नाही. नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, ही आपली जुनी रीत. पण सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेणार कशी? मग कागदावर आजोबा आणि हाक मारायला बाळ, अप्पा नाहीतर नाना. ज्या नावासाठी दोन व्याह्यांनी तोंडं फिरवली, ते पुढे शाळेच्या हजेरीपटाखेरीज कुठे ऐकूच येत नाही. मोठ्या घराण्यांतही हेच दिसतं. बाळाजी विश्वनाथांच्या नातवाचं नाव बाळाजीच, पण त्याला सगळे ओळखतात ते नानासाहेब म्हणून. शिवरायांच्या नातवाचं नावही शिवाजी. आपण मात्र त्याला शाहू महाराज म्हणतो.

यावर म्हणणारे म्हणतील की नावाबरोबर गुण येतात, पोरगा आजोबांचं नाव काढेल. पहिल्या बाजीरावानं लढाई हरल्याचं ऐकिवात नाही. त्याच्याच नावाच्या नातवानं १८१८ मध्ये पेशवाई घालवली. उलट दाखलाही आहे, तो नाकारता येत नाही. कनकगिरीला पडलेल्या थोरल्या बंधूंचं नाव शिवरायांनी मुलाला दिलं आणि संभाजीराजांनी ते गाजवलं. पण ते गाजलं त्यांच्या मनगटाच्या जोरावर, पाळण्यातल्या दोरीच्या नव्हे. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: नावामुळे माणसाची आठवण तरी राहते. कबूल. फक्त ती कुणाची राहते, ते बघावं. आजोबांची राहते. आजीची कुठून राहणार? तिचं स्वतःचंच नाव लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव रेखून पुसलं गेलं. नातीला तिचं नाव द्यायचं ठरवलं, तरी माहेरचं की सासरचं, इथूनच चर्चा सुरू होईल, आणि चर्चा करणारेही बहुधा आजोबाच असतील.

चंदीगडचा आराखडा आखणाऱ्या ल कॉर्बूझिएनं या कटकटीवर नामी तोड काढली होती. शहराच्या सेक्टरांना त्यानं नुसते आकडे दिले. कुणाचा मान नाही, कुणाचा अपमान नाही. अर्थात आकड्यांतही तेव्हा अशुभ म्हणून १३ गाळला गेलाच, म्हणजे रुसवेफुगवे तिथेही आले. पोरांना आकडे देणं तूर्त जमणार नाही. त्यापेक्षा सरकारनंच थोडी वाट मोकळी केली आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं लिहावं लागतं. म्हणजे दोघांचा मान नोंदवहीतच उरकला. बाळाला निदान एक नाव निखळ स्वतःचं ठेवता येईल. तरीही कुणाला पूर्वजांचा पुळका आवरत नसेल, तर त्यानं बारशाच्या निमंत्रणपत्रिका छापण्याआधी घरात विचारून पाहावं, आजीचं माहेरचं नाव किती जणांना ठाऊक आहे.