हुकूम सोडा, आठ अक्षरं सोडून

लिनक्सच्या कर्नलमध्ये 'मेन्टेनर्स' नावाची एक फाइल आहे. कुठला कोड कुणाच्या ताब्यात आहे आणि कुणाला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, याचा तो सातबारा. ध्वनी अमक्याकडे, यूएसबी तमक्याकडे, आणि ज्याला कुणी वाली नाही ते सगळं शेवटच्या नोंदीत, 'बाकीचे' या मथळ्याखाली, लिनस टोरवाल्ड्सच्या नावावर. १९९१ साली हेलसिंकीत शिकता शिकता ज्यानं हे सगळं हौसेखातर सुरू केलं, त्याच्या नावावर आज उरलंसुरलं! मला त्याचा कळवळा आला आणि आपणही हातभार लावावा असं वाटलं.

मी पुण्याचा. त्यामुळे माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, दुसऱ्याच्या शुद्धलेखनाबद्दल होता, हे सांगायला नको. एका ड्रायव्हरच्या कॉमेंटमध्ये 'रिसीव्ह'मधल्या ई आणि आय यांनी जागा बदलल्या होत्या. कंपायलर कॉमेंटकडे ढुंकूनही बघत नाही, तेव्हा यंत्राचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं माझं डोकं. पण इथेही माझ्या आधी कुणीतरी पोचलेलं. कर्नलवाल्यांनी अशा चुकांची यादीच करून ठेवली आहे : डावीकडे चूक, मध्ये दोन उभे दंड, उजवीकडे बरोबर. इंग्रजीपुढे अख्खं जग कुठे कुठे ठेचकाळतं ते त्यात शांतपणे वाचता येतं. मी वाचलं. फार बरं वाटलं.

आता दोन अक्षरं उलटसुलट केली की काम संपलं, असं तुम्हाला वाटेल. पण पॅच मेलनं पाठवायचा, तोही साध्या मजकुरात. रंगीत ठळक अक्षरं केली तर मेल दारातूनच परत. सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची सोय नाही, कारण वरचा मजकूर जसाच्या तसा प्रकल्पाच्या इतिहासात जातो आणि तुमचा नमस्कार तिथे कायमचा कोरला जातो. गप्पा मारायच्याच असतील तर तीन आडव्या रेघा मारून त्यांच्याखाली. तिथलं सगळं हा इतिहास सांभाळणारं गिट टाकून देतं. ही सोय मला इतकी आवडली की दोन-तीन नातेवाईकांसाठीही ती हवी होती.

शिवाय आज्ञार्थ. 'या पॅचनं चूक दुरुस्त होते' असं मुळमुळीत लिहायचं नाही. 'चूक दुरुस्त कर' असा कोडला हुकूम सोडायचा, असं नियमच सांगतात. घरात 'पंखा बंद करा' म्हटलं तर पंखासुद्धा माझं ऐकत नाही. त्यामुळे हुकूम सोडायच्या आधी मी खोलीचं दार लावून घेतलं.

टॅब आठ अक्षरांचा. तो चारचा करणं म्हणजे पायची किंमत तीन ठरवणं, असं कोड लिहिण्याचे त्यांचे नियम ठणकावतात. हेच नियम सुरुवातीला दुसऱ्या एका प्रकल्पाची नियमावली छापून घ्यायला आणि न वाचता जाळून टाकायला सांगतात. पुण्यात असं लिहिलेली पाटी लागली असती तर फोटो काढायला रांग लागली असती.

शेवटी सही. २००३ मध्ये एससीओ कंपनीनं लिनक्सवरून आयबीएमवर दावा ठोकला आणि कुठली ओळ कुठून आली याची चौकशी सुरू झाली. तेव्हा पुढच्या वर्षापासून प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून द्यायची पद्धत पडली. त्यानुसार ई आणि आय ही अक्षरं या क्रमानं सादर करण्याचा मला कायदेशीर हक्क आहे, असं मी जगाला लिहून दिलं.

उत्तर आलं : बदल ठीक आहे, विषयाच्या ओळीतलं पहिलं अक्षर लहान करा, आणि त्याच फाइलमध्ये आणखी एक चूक आहे, तीही हातासरशी काढून टाका. ना आभार, ना अभिनंदन. पण माझी एक ओळ कुणीतरी इतकी बारकाईनं वाचली होती. ऑफिसातले माझे अहवाल शीर्षकापुढे कुणी वाचल्याचा पुरावा नाही.

एका मित्रानं मात्र पॅच ऑफिसच्या मेलवरून धाडला. तिथे प्रत्येक पत्राखाली कायदा विभागाची तळटीप आपोआप चिकटते : हा मजकूर गोपनीय आहे, आपल्यासाठी नसल्यास त्वरित नष्ट करावा. पत्र साऱ्या जगाला उद्देशून. मेन्टेनरनं एका ओळीत कळवलं की सूचनेप्रमाणे नष्ट केलं आहे.

त्यानं घरच्या मेलवरून पुन्हा पाठवला. या वेळी इंटेलच्या एका रोबोचं पत्र आलं. हा रोबो लोकांचे पॅच नाना तऱ्हेच्या यंत्रांसाठी कंपाइल करून बघतो. मित्राचा कोड मोटोरोलाच्या जुन्या चिपवर अडला होता. त्या घराण्यातली चिप १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये होती. अशी चिप मित्रानं जन्मात पाहिलेली नाही. पत्राच्या शेवटी रोबोची नम्र विनंती होती : दुरुस्ती केलीत, तर चूक कळवणारा म्हणून कृपया माझं नाव घालावं.

"दुसऱ्याची चूक काढायची आणि वर नावही लावायचं?" मित्र भडकून म्हणाला. मी काही दुजोरा दिला नाही. कर्नलच्या इतिहासात माझं जे नाव आहे, ते याच कमाईवर.