बिनसातबाऱ्याचे सामने

स्टॅनमोरहून ज्युबिली लाइननं निघालं की चौथं स्टेशन वेम्बली पार्क. इंग्लंडचा फुटबॉलचा सामना असला की एवढ्या प्रवासात कुणाच्या नावावर किती सामने यावरून डब्यात हमरीतुमरी होते, आणि जो तो मोबाइल नाचवतो. मला त्या मंडळींना २५ सप्टेंबर १९४३ बद्दल विचारावंसं वाटतं.

त्या दिवशी वेम्बलीवर इंग्लंडनं वेल्सला ८-३ असं धुतलं. वेल्सचा आयव्हर पॉवेल जखमी झाला, बदली गडी नाही. मग इंग्लंडनं आपला राखीव स्टॅन मॉर्टेनसेन उसना दिला! हा अस्सल इंग्रज वेल्सचा सदरा चढवून इंग्लंडविरुद्ध धावला. ‘आमच्यात एक कमी आहे, तुमचा बंड्या द्या’ हे फक्त आपल्या गल्लीत चालतं असं वाटत होतं मला.

पण हा सामना झालाच नाही. म्हणजे झाला, लोक आले, अकरा गोल झाले. पण युद्धकाळातला, म्हणून अनधिकृत. इंग्लंडकडून खेळलेल्या स्टॅनले मॅथ्यूजच्या नावावर अधिकृत सामने ५४. युद्धातले २९ वाऱ्यावर. जमीन कसली त्यानं, सातबाऱ्यावर नाव नाही. ब्रिटनच्या आकाशातली लढाई ज्या हवाई दलानं आमच्या स्टॅनमोरच्या बेंटली प्रायरीतून चालवली, त्याच दलात मॅथ्यूज आणि मॉर्टेनसेन दोघंही होते. नोकरी खरी, गणवेश खरा, सामने तेवढे खोटे.

आता अधिकृत काय ते बघा. १२ फेब्रुवारी २००३, अप्टन पार्क, ऑस्ट्रेलियाशी मैत्रीपूर्ण लढत. इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक एरिक्सनसाहेबांनी मध्यंतराला अख्खा संघ बदलला. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. इंग्लंड ३-१ हरलं, पण दोन्ही पंगतींच्या नावावर पुरता एकेक सामना चढला. वेन रूनीचा श्रीगणेशा तिथलाच.

आपण तरी कुठं मागे? २००९ साली दिल्लीच्या नेहरू कपात बायचुंग भुतियाची शंभरी साजरी झाली. हार घालून झाले, आणि मग हिशेबनीस खोडरबर घेऊन बसले. आता त्यांच्या वहीत तो शंभरच्या आतच आहे. हार परत मागितले नाहीत, हेच नशीब.

मॉर्टेनसेनचा पहिला अधिकृत सामना मे १९४७ चा, लिस्बनला, पोर्तुगालविरुद्ध. त्यानं चार गोल केले. ते मोजलेत.