काळी दोनचा सा

भजनात गिटार आली की पहिला वाद नावांवरून होतो. आमच्या भिंगारमधलंच एक भजन घ्या. बुवांनी पेटी पुढे ओढली आणि काळी दोनला सूर धरला. गिटारवाला कॉलेजचा पोरगा.

"बुवा, स्केल कुठला?"

"काळी दोन."

"म्हणजे डी शार्प."

"शार्पबिर्प तुझ्या घरी. काळी दोन!"

दोघंही बरोबरच होते. पेटीवरची दुसरी काळी पट्टी म्हणजेच डी शार्प. पण आपला सा हे पद आहे, सरपंचासारखं. काळी दोन असो की पांढरी चार, त्या खुर्चीत बसेल तो सा. कॉर्डला मात्र नाव असतं, वर आडनावही. काळी दोनला सा धरून सा-ग-प एकदम दाबले की डी शार्प मेजर. त्यातला ग कोमल केला की तीच बाई मायनर होते आणि आनंदाच्या अभंगातही सासर आठवायला लागतं.

पोराने पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि डी, जी, ए वाजवत निभावून नेलं. तोवर गवळणीला एक काकू पुढे सरसावल्या. त्यांची पट्टी काळी चार! बुवांच्या बोटांची ठेवण बदलली, तोंडातलं सारेगम तेच राहिलं. पोराला मात्र डी-जी-एचं जी-सी-डी करावं लागलं. तबलजीने मुकाट्याने पिशवीतून दुसरा तबला काढला. पहिलाच ठोकत काळी चारपर्यंत चढवायचा म्हणजे पुडी फुटायची वेळ.

गंमत म्हणजे संगीताचा वैरी म्हणून ओळखला जाणारा औरंगजेब 1707 साली वारला तो इथेच, भिंगारला. त्याच्या संगीतबंदीनंतर गवयांनी संगीताची तिरडी काढली तेव्हा ‘खोल पुरा’ असं तो म्हणाला, ही गोष्ट इटालियन प्रवासी मनूचीने लिहून ठेवली आहे. इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. मलाही नाही. पुरलंच असेल तर फार खोल पुरलेलं दिसत नाही. एकादशीला माईक लागला की पार त्याच्या आलमगीर दर्ग्यापर्यंत ऐकू जातं.

तेव्हा भजनाला गिटार आणणाऱ्यांनो, कॅपो खिशात ठेवा आणि कॉर्ड नावांनी नव्हे, आकड्यांनी पाठ करा: पहिली, चौथी, पाचवी. म्हणजेच सा, म, प. पट्टी कुठलीही लागो, हे तिघं जागा सोडत नाहीत. आणि बुवा पट्टी आधी सांगत नाहीत.