नानांची कलमं

रत्नागिरीत कलम म्हटलं की दोन गोष्टी निघतात. एक हापूसचं कलम आणि दुसरं कायद्याचं. आमच्या नानांकडे दोन्ही आहेत. हापूसची साठेक, कायद्याची तीन.

कलम पहिलं : फटके. यात मोबाईलचोर, पाकीटमार आणि रात्री अकरानंतर मारुती मंदिराच्या चौकात सायलेन्सर काढून गाड्या फिरवणारे कॉलेजकुमार येतात. कलम दुसरं : चौकात उभं करणं. हे लाचखाऊ, भेसळवाले आणि पतपेढी बुडवून परागंदा झालेले चेअरमन यांच्यासाठी राखून ठेवलेलं आहे. कलम तिसरं : गोळी. उरलेले सगळे. तिसऱ्या कलमाला जामीन नाही, अपील नाही, आणि नानांचा चहा संपेपर्यंत अंमलबजावणी झाली नाही तर सरकार कुचकामी.

नाना हे एका माणसाचं नाव समजू नका. पुण्यात ते पर्वतीच्या पायऱ्या उतरताना भेटतात, दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेले असतात. आमचे नाना सकाळी मांडवीच्या जेट्टीपर्यंत पाय मोकळे करतात आणि परतताना गोखले नाक्यावर चहाला थांबतात. तिथे पेपर उघडला की दरबार भरतो. पेपरवाला बिचारा जपून ‘संशयित’ असं छापतो. नाना तो शब्द कोशिंबिरीतल्या मिरचीसारखा उचलून कडेला ठेवतात आणि पुढचं वाचतात.

“चेहरा बघ मेल्याचा. यात आणखी चौकशी ती काय करायची?”

“नाना, फोटोत तोंडावर काळा बुरखा आहे.”

“लपवतोय म्हणजे काय समजायचं?”

1 जुलै 2024 रोजी इंग्रजांच्या वेळची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा नानांना पहिला आनंद झाला की आता गुन्हेगारांची खैर नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की फसवणुकीचं 420 आता 318 झालं आहे. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. “अरे, आता माणसाला म्हणायचं तरी काय? तीनशे अठरा? कोण घाबरेल?” शेजारच्या चुलतभावाला ते गेली तीस वर्षं चारशेवीस म्हणत आले आहेत. एवढी वहिवाट अशी एका रात्रीत मोडते म्हणजे काय!

6 डिसेंबर 2019 रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, त्या दिवशी नानांनी नाक्यावर पेढे वाटले होते. मीही एक खाल्ला, खोटं कशाला सांगू. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकरांचा आयोग नेमला. 2022 मध्ये त्याचा अहवाल उघड झाला. चकमकीची पोलिसांनी सांगितलेली हकिगत खोटी, मेलेल्या चौघांपैकी तिघं त्या वेळी अल्पवयीन, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असं त्यात होतं. मी तो नानांना वाचून दाखवला. नाना बराच वेळ चहात बिस्किट बुडवत राहिले. बिस्किट तुटून तळाला गेलं. मग म्हणाले, “आता पेढे काय परत मागायचे लोकांकडून?”

पण नानांना नुसतं हसून भागत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींच्या प्रकरणात साधी तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं आणि मग लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगून ठेवलं होतं. “सांगितलंन, पण ऐकलंन कोणी?” असं नाना विचारतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. कायदा दाराशी उभाच राहू देत नसेल, तर माणूस भिंत फोडायची भाषा बोलू लागतो. त्या प्रकरणातला आरोपीही पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. नानांनी या वेळी पेढे आणले नाहीत. पण चहाचे पैसे सगळ्यांचे दिले.

हे झाले फौजदारी नाना. दिवाणी नाना तुम्ही पाहिलेले नाहीत.

नाना आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्या आवारांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे आणि गडग्यावर एक फणस आहे. म्हणजे बुंधा गडग्यात, मुळं दोन्हीकडे, फणस चुलतभावाच्या बाजूला जास्त. या फणसावरून 1998 पासून दावा चालू आहे. मोजणी झाली, तिच्यावर हरकत झाली, फेरमोजणी झाली. कोर्ट कमिशनर येऊन गडग्यावर चढले आणि एका चिऱ्यासकट खाली आले. खालच्या कोर्टात अर्धं जिंकले, अर्धं हरले. हरलेल्या अर्ध्यावर नानांचं अपील, जिंकलेल्या अर्ध्यावर चुलतभावाचं. आता दुसरं अपील उच्च न्यायालयात आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आणि त्यात रत्नागिरी जिल्हा घातला, तेव्हा नानांना स्वतःची मुलगी जवळच्या गावात दिल्याचा आनंद झाला. मुंबईला जाऊन तारीख घेण्यापेक्षा आंबा घाट चढून घेतलेली बरी.

या दाव्यात नाना वेगळेच असतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत, ट्रंक देवघराखाली. समोरच्याचा साक्षीदार उलटतपासाशिवाय सुटता कामा नये. ज्या कागदाची प्रत आपल्याला मिळाली नाही, तो वाचला जाता कामा नये. एकदा खालचे न्यायाधीश म्हणाले, आता निकालच देऊन टाकतो. नाना ताडकन उठले. “साहेब, आमचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय? हा अन्याय आहे.” मी मागच्या बाकावर होतो. फणसासाठी एवढी तळमळ मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. दाव्यात आजवर नानांनी मागितलेल्या मुदती चुलतभावापेक्षा जास्त भरतील. आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून हेच नाना म्हणतात, “तारखांवर तारखा! कसली न्यायालयं ही!”

आमचं गाव तर असं की इथे हा विषय पावलोपावली अडखळायला लावतो. पाहुणे आले की नाना त्यांना थिबा राजवाडा दाखवायला नेतात. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं आणि 1916 मध्ये तो इथेच मेला. मी एकदा पाहुण्यांसमोर विचारलं, “नाना, थिबाला कुठल्या कलमाखाली धरला होता?” नानांनी राजवाड्याच्या लाकडी कमानींकडे बोट दाखवून सागवानाची चर्चा काढली. कलम नव्हतंच. खटला नाही, साक्षीदार नाही, तारीख नाही. नानांना हवा तसा झटपट न्याय, फक्त तो तीस वर्षं चालला.

23 जुलैला टिळक जन्मस्थानी नाना हार घेऊन पहिले हजर. 1908 मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. सहा वर्षांची शिक्षा देऊन त्यांना मंडालेला पाठवलं, म्हणजे थिबाच्या गावाला. “तुरुंगात गेलेला तो गुन्हेगार, असं तुम्हीच म्हणता ना?” असं त्या दिवशी विचारलं, तर नाना हार पुतळ्याला घालायचा सोडून माझ्या गळ्यात घालतील की काय असे बघू लागले. “ते वेगळं,” म्हणाले. नानांच्या दंडसंहितेत अपवाद असा एवढाच. ते वेगळं.

आता यंदाच्या आंब्यांची गोष्ट.

एप्रिल म्हणजे काढणीचा जोर. नानांच्या बागेत दरवर्षी नेपाळहून आलेलं एक कुटुंब राखणीला असतं. झापाच्या खोपटात नवरा-बायको आणि लहान मूल. नाना त्या राखणदाराला बहादूर म्हणतात. मागच्या वर्षीच्यालाही बहादूर म्हणायचे, आणि त्याच्या आधीच्यालाही. त्या दिवशी सकाळी मांगरात मोजलेले चौदा क्रेट बारा भरले.

नानांचा निकाल गडग्याशीच लागला. “त्यानंच नेलेन. रात्री बागेत दुसरा आहे कोण?” नानांचा मुलगा पहाटेच फणसाच्या कामासाठी कोल्हापूरला निघालेला, फोन लावावा तर घाटात रेंज नाही. राखणदार हात जोडून काहीतरी सांगू बघत होता. “तू गप!” नाना म्हणाले. मला म्हणाले, “चल ठाण्यात. दोन ठेवून दिल्या की भडाभडा बोलेल.” मी निघालो. माझाही त्याच्यावरच संशय होता, हेही लिहून ठेवतो.

ठाण्यात टेबलाशी एक तरुण हवालदारबाई होत्या. कागद ओढून त्यांनी विचारलं, “संशय कुणावर?”

“बहादूरवर.”

“पूर्ण नाव?”

नाना माझ्याकडे बघू लागले. मी पंख्याकडे.

“गाव? जिल्हा? राखणदार ठेवलात तेव्हा त्याची नोंद इथे केलीत का?”

“बाई, चोरी माझी झालीय!”

“हो. रात्री तुम्ही कुठे होतात?”

नानांचा चेहरा सिंदुरासारखा झाला. “मी फिर्यादी आहे! मला विचारता?”

“विचारावं लागतं, काका. बसा बाकावर. साहेब येतील.”

साहेब यायला चाळीस मिनिटं लागली. बाकासमोरच्या भिंतीवर एक फलक होता. अटक झालेल्या व्यक्तीचे अधिकार. नानांकडे चष्मा होता आणि वेळही होता, त्यामुळे त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. अटकेचं कारण सांगायचं. नातेवाइकाला कळवायचं. वकिलाला भेटू द्यायचं. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं. बंगालमधल्या डी. के. बसू यांनी 1986 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं, त्यावरून 1996 मध्ये निकाल झाला, आणि असे फलक ठाण्याठाण्यांत आले. नानांना तो इतिहास माहीत नव्हता. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, फक्त नाक्यावरच्यापेक्षा हळू आवाजात.

“हे सगळं चोरांसाठीच का हो?”

हवालदारबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, “नाही काका. बाकावर बसेल त्याच्यासाठी.”

नाना बाकावरून उठले आणि उभे राहिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नानांची सून. नानांच्या मुलाची गाडी घाट ओलांडून गेली होती आणि रेंज आली होती. दोन क्रेट डिकीत होते, कोल्हापूरच्या वकीलसाहेबांसाठी. “मामंजींनीच पाडव्याला सांगितलं होतं, पहिली काढणी वकिलांना द्यायची म्हणून. पहाटे राखणदारानेच गाडीत चढवले. तो सांगत नव्हता का?”

सांगत होता. चोरीच्या प्रकरणात साक्षीदार, संशयित आणि क्रेट चढवणारा हमाल असा तिन्ही मिळून एकच माणूस होता आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्याला दोन ठेवून दिल्या असत्या, तर त्याने कबूलही केलं असतं. दोन कशाला, चारसुद्धा क्रेट कबूल केले असते. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून धरायची नाही, असं 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात का लिहिलं होतं आणि नव्या कायद्यातही ते का ठेवलं आहे, हे मला त्या दिवशी आंब्यांवरून कळलं. न झालेली चोरीसुद्धा माराने उघडकीस येते.

हवालदारबाईंनी कागद फाडला नाही. एवढंच म्हणाल्या, “आता आलाच आहात तर राखणदाराची नोंद करून जा. त्याला घेऊन या.”

संध्याकाळी नाना त्याला घेऊन गेले. त्याचं नाव बहादूर नव्हतं.

तेव्हापासून नाक्यावरचा दरबार बंद झाला, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. नाना अजून पेपर उघडतात, फोटो बघतात, तिसरं कलम लावतात. फक्त अलीकडे शेवटी एक शब्द पुटपुटतात, “चौकशीअंती.” तेवढ्याने कायद्याचं राज्य येत नाही, पण चहा गार होईपर्यंत गोळी थांबते. हापूसचं कलम लावल्यावर नीट फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, हे नानांना कोणी शिकवावं लागत नाही. खत घालतात, पाणी घालतात, मोहर गळला तर पुढच्या वर्षाची वाट बघतात. दुसऱ्या कलमाच्या बाबतीत मात्र त्यांना आज लावून उद्या आंबा हवा असतो.

फणसाच्या अपिलाची पुढची तारीख जूनमधली आहे. नानांनी मुदत मागितली आहे.