फुकट वॉशिंग्टन, विकत न्यूयॉर्क

स्प्रिंग ब्रेक ही अमेरिकेतील शाळांना मार्च-एप्रिलमध्ये, बहुधा ईस्टरच्या आगेमागे, मिळणारी आठवड्याभराची सुट्टी होय. सुट्टी मुलांना असते, रजा आईवडिलांना टाकावी लागते आणि पाय आजी-आजोबांचे दुखतात. न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरातील मराठी कुटुंबांत ही सुट्टी प्रामुख्याने दोन शहरांवर खर्ची पडते: वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क.

पथकात साधारणपणे सहा जण असतात. आई नियोजन करते. तिच्या तक्त्यात वेळ, ठिकाण, तिकीट आणि स्वच्छतागृह असे रकाने असतात. वडिलांकडे गाडी, पार्किंग आणि चिडचिड ही खाती असतात. मोठी मुलगी फोनमध्ये असते, धाकटा मुलगा फोन मागत असतो. थंडी सरता सरता सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आजी-आजोबा हे सहलीचे अधिकृत कारण असते. आजी साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालतात. आजोबा प्रत्येक किमतीचे रुपये करून ते मोठ्याने जाहीर करतात. या सर्वांना बांधून ठेवणारे तत्त्व एकच: पैसे वसूल झाले पाहिजेत.

एडिसनहून वॉशिंग्टन सुमारे 200 मैल आहे. वाटेत डेलावेअर नावाचे एक संपूर्ण राज्य अर्ध्या तासात संपते आणि प्रवाशांच्या लक्षात फक्त त्याचा टोल राहतो. महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी एक कॉफी विकत घेतली जाते, ती स्वच्छतागृह नैतिकदृष्ट्या वापरता यावे म्हणून. खरे जेवण मिनीव्हॅनच्या उघड्या डिकीत होते. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा स्टीलचा डबा, लसणाची चटणी आणि पेपर नॅपकिनवर वाढलेले लिंबाचे लोणचे. शेजारच्या गाडीतले लोक या वासाने खिडकी वर करतात किंवा खाली करतात. दोन्ही प्रकार आढळले आहेत.

वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांना प्रवेशशुल्क नाही. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मृत्युपत्रातील पैशातून ही संस्था 1846 मध्ये उभी राहिली. स्मिथसन 1829 मध्ये वारला, तोवर त्याने अमेरिकेत पाऊलही ठेवले नव्हते. वॉशिंग्टनच्या संग्रहालयांशी संबंध येऊनही ज्याच्या पोटऱ्या कधी भरून आल्या नाहीत, असा हा विरळा माणूस. बाकीच्यांना ती सवलत नाही. कॅपिटॉलपासून लिंकन स्मारकापर्यंतचा हिरवा पट्टा सुमारे तीन किलोमीटरचा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुकट संग्रहालये आहेत. फुकट ते पौष्टिक या न्यायाने एकही सोडवत नाही. तिकीट असते तर निवड करावी लागली असती. ते नसल्यामुळे विमाने, डायनोसॉर आणि चित्रे एकाच दिवसात उरकावी लागतात. राइट बंधूंचे 1903 चे विमान पाहून धाकटा, ते उडते का, असे विचारतो. उडते पण आता नाही, हे उत्तर त्याला फसवणुकीसारखे वाटते.

निसर्गेतिहास संग्रहालयात होप हिऱ्यापाशी पथक सर्वांत जास्त वेळ थांबते. 45.52 कॅरटचा हा निळा हिरा गोवळकोंडा प्रदेशातल्या खाणींतला. आजोबा, हा आपलाच, असे जाहीर करतात आणि आजूबाजूचे लोक थोडे सरकतात. हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने 1958 मध्ये तो संग्रहालयाला दान केला आणि चक्क रजिस्टर पोस्टाने पाठवला. ही माहिती आजोबांना हिऱ्याहून अधिक भावते. कुरियरवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

चेरीची फुले हा या सहलीचा मुहूर्त असतो. 1912 मध्ये टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी भेट दिलेली 3,020 झाडे येथे लावण्यात आली. त्याआधी 1910 मध्ये आलेली 2,000 झाडे कीड निघाल्याने सरकारने जाळून टाकली होती. अमेरिकेच्या कृषी खात्याची ही दक्षता अजून कमी झालेली नाही. आजींच्या बॅगेतला हापूस विमानतळावर कसा जप्त झाला, ते त्या प्रत्येक चेरीच्या झाडाखाली सांगतात. फुले मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, हवामान ठरवेल तेव्हा उमलतात. हॉटेलचे आरक्षण मात्र जानेवारीत झालेले असते आणि रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे कुटुंबाला एक तर कळ्या दिसतात नाही तर पाकळ्या. फोटोत दोन्ही फुलेच म्हणून चालवली जातात.

वॉशिंग्टन स्मारक 555 फूट उंच आहे. आत खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. पुऱ्या टाकून देणे कोणालाच मान्य नसल्याने आजोबा डबा घेऊन खाली बाकावर बसतात. वर गेलेल्यांना शहर दिसते, स्मारक दिसत नाही. आजोबांना ते संपूर्ण दिसते, शिवाय साधारण 150 फुटांवर संगमरवराचा रंग बदललेलाही दिसतो. 1854 मध्ये पैसा आटला, समितीत राजकारण शिरले, पुढे यादवी युद्ध झाले आणि काम पुन्हा सुरू व्हायला 1879 उजाडले. तोवर पहिल्यासारखा दगड मिळेना. महाराष्ट्रात उड्डाणपूल होताना पाहिलेल्या माणसाला यातले काहीच समजावून सांगावे लागत नाही. आजोबांना अमेरिका प्रथमच आपली वाटते.

हॉटेलच्या भाड्यात न्याहारी धरलेली असते. म्हणून ती दुपारच्या जेवणाइतकी केली जाते आणि निघताना प्रत्येकाच्या जॅकेटच्या खिशात एक केळे असते. रात्री खोलीत इलेक्ट्रिक कुकरवर भात लागतो. खिडकी उघडत नाही. फोडणी घरीच करून डबीत आणलेली असते, कारण धुराचा अलार्म एकदा वाजला की मराठी कुटुंबाला त्या मजल्यावर तोंड दाखवता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये परिस्थिती उलटी होते. इथे श्वास सोडून सर्व गोष्टींना तिकीट आहे. न्यू जर्सीतून बोगद्याने शहरात शिरताना टोल लागतो, परत जाताना लागत नाही. माणसाने निघून जावे, असाच संकेत त्यातून ध्वनित होतो. जानेवारी 2025 पासून मॅनहॅटनमध्ये 60व्या रस्त्याच्या खाली गाडी आणण्याचेही, दिवसा, 9 डॉलर पडतात. पार्किंगचा दर वाचल्यावर आजोबा रुपये करणे बंद करतात. तेवढ्यापुरती त्यांची तब्येत जपली जाते.

एम्पायर स्टेट ही 1931 ची 102 मजली इमारत. 86व्या मजल्यावरच्या सज्जासाठी माणशी 40 डॉलरहून अधिक मोजावे लागतात. इतके मोजल्यावर लगेच खाली उतरणे परवडत नाही. गार वारा कितीही झोंबला तरी चारही दिशा दोन-दोनदा पाहिल्या जातात आणि एडिसन कुठे, यावर वाद होतो. वॉशिंग्टनमध्ये फुकट म्हणून पाय निघत नव्हता, इथे पैसे भरलेत म्हणून निघत नाही. अर्थशास्त्र वेगळे, गुडघे तेच.

स्वातंत्र्यदेवतेसाठी अनुभवी कुटुंबे स्टेटन आयलंडची नारिंगी फेरी पकडतात. 1997 पासून ती विनामूल्य आहे आणि पुतळा तिच्यावरून लांबून का होईना दिसतो. पलीकडच्या धक्क्यावर सर्वांना उतरून पुन्हा रांगेने चढावे लागते. फुकट प्रवासात एवढा कर रास्त मानला जातो. 1886 चा हा पुतळा तांब्याच्या पत्र्याचा असून हवापाण्याने हिरवा पडला आहे. आजींच्या मते तो चिंच लावून घासायला हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनेही तो रंगवण्याचा विचार केला होता, पण लोकांनी विरोध केला. हिरवा थर आतल्या तांब्याचे रक्षण करतो, असे तज्ज्ञ सांगतात. घासायचा कंटाळा आलेली माणसे नेहमी असेच सांगतात, असे आजींचे म्हणणे.

टाइम्स स्क्वेअरमध्ये कार्टूनचे मळके पोशाख घातलेले लोक प्रेमाने मुलांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि फोटो निघताच पैसे मागतात. 2016 पासून महापालिकेने त्यांच्यासाठी रस्त्यावर रंगीत चौकोन आखले आहेत. धाकटा नेमका चौकोनात सापडतो. वडील पाच डॉलर देतात आणि मग त्या फोटोत सगळ्यांना आळीपाळीने उभे करतात.

सहलीची फलश्रुती घरी परतल्यावर मोजली जाते. पुण्याच्या कौटुंबिक ग्रुपवर फोटो जातात, त्यांना ‘खूप छान’ आणि हात जोडल्याची चित्रे येतात. ‘साडीवर बूट का?’ हा एक प्रश्नही येतो. मुलांना काय आवडले, असे विचारल्यावर ती हॉटेलचा पोहण्याचा तलाव आणि वॉफलचे यंत्र ही दोन प्रेक्षणीय स्थळे सांगतात. हा तलाव पाहायला टोल भरून 200 मैल जाण्याची गरज नव्हती, हे वडील मनात म्हणतात. तरीही मुलांपुरते पैसे वसूल झाले, अशी नोंद आई तक्त्यात करते. आजी-आजोबांचे परतीचे तिकीट सप्टेंबरचे असल्याने त्यांची वसुली जूनमध्ये नायगाऱ्याला करायचे ठरते.